परीखाना ते प्रबंधनगर : गादीवरची विद्या शाळेत कशी आली

आजचा भाग लखनौचा. लखनौ म्हटलं की आपल्याला कबाब, चिकनचे कुर्ते आणि 'पहले आप' एवढंच आठवतं. आज मी त्या शहरातल्या दोन शाळांबद्दल बोलणार आहे. एक गाण्याची, १९२६ सालची. दुसरी व्यवस्थापनाची, १९८४ सालची. पहिली एका मराठी वकिलाने उभी केली, दुसरी भारत सरकारने. वरवर पाहता दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण जो प्रश्न मला गेली वीस वर्षं छळतोय, त्याचं उत्तर शोधताना मला दोघी एकाच रस्त्यावर भेटल्या.

प्रश्न असा : जी विद्या पिढ्यान्‌पिढ्या घरात, मांडीला मांडी लावून शिकवली जायची, ती वर्गात बसवून शिकवता येते का?

कार्यक्रमानंतर मुलं भेटतात. कुणाचं हार्डवेअरचं दुकान असतं, कुणाची पिठाची गिरणी, कुणाचा पाच माणसांचा वर्कशॉप. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. "सर, एमबीए करू, की सरळ बाबांच्या शेजारी जाऊन बसू?" या प्रश्नाला मी पूर्वी झटकन उत्तर द्यायचो. आता देत नाही. का देत नाही, ते आज सांगतो.

पेढीवरची शाळा

व्यवस्थापनाच्या शाळा निघण्याआधी आपल्याकडे व्यवस्थापक नव्हते का? होते की. फक्त त्यांना कुणी व्यवस्थापक म्हणत नसे. कुणी मुनीम होता, कुणी गुमास्ता, कुणी आमच्याकडे म्हणतात तसा दिवाणजी. पेढीवरचा मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की त्याला मामाच्या नाहीतर काकांच्या गादीवर पाठवत. आधी झाडलोट, मग निरोप पोहोचवणं, मग वजनकाटा, मग वसुली आणि सगळ्यात शेवटी वही. वही हातात यायला कधीकधी आठ-दहा वर्षं लागत. तोवर कोणत्या गिऱ्हाइकाला उधार द्यायचं आणि कुणाला हसून पाणी पाजून परत पाठवायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं असे.

ही पद्धत अडाणी होती असं समजू नका. मारवाडी घराण्यांत 'परता' नावाची हिशेबाची रीत होती. घनश्यामदास बिर्लांच्या कारखान्यांत ती कसोशीने वापरली जायची. आज उत्पादन किती व्हायला हवं होतं, खर्च किती व्हायला हवा होता, नफा किती सुटायला हवा होता आणि प्रत्यक्षात काय झालं, याचा रोजचा ताळा. वर्ष संपल्यावर ताळेबंद बघून कपाळाला हात लावण्यापेक्षा रोज संध्याकाळी बघा. आज मोठ्या कंपन्यांत संगणकाच्या पडद्यावर जे आकडे झळकतात, त्याचीच ही जुनी बहीण.

मग अडचण कुठे होती? अडचण उंबऱ्यावर होती. ही विद्या त्या घरात, त्या जातीत, त्या नात्यागोत्यात जन्मलेल्यालाच मिळायची. बाहेरचा मुलगा कितीही हुशार असो, गादीच्या कडेला बसायची त्याला सोय नव्हती. वरच्या पातळीवरही तेच. इंग्रजांच्या काळात मोठ्या कंपन्यांचा कारभार मॅनेजिंग एजन्सी नावाच्या व्यवस्थेने चालायचा. भागधारक हजारो असले, तरी कंपनी चालवण्याचा करार एका एजन्सीशी आणि ती एजन्सी एका घराण्याच्या हातात. गोऱ्यांची घराणी होती, तशी आपल्या लोकांचीही होती. घराणं हा शब्द लक्षात ठेवा. कारण लखनौच्या पहिल्या शाळेने नेमकी इथेच कुऱ्हाड घातली होती.

वकील आणि उस्ताद

विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० चा, मुंबईत वाळकेश्वरला. शिक्षणाने वकील. काही काळ कराचीत वकिलीही केली. पण जीव गाण्यात. त्या काळी रागाची बंदिश ही घराण्याची मिळकत होती. उस्ताद ती मुलाला देत, जावयाला देत, गंडा बांधलेल्या शिष्याला वर्षानुवर्षं सेवा करून घेतल्यावर देत. परक्याच्या कानावर पडू नये म्हणून मैफलीत अंतरा गाळणारेही होते, असं जुने जाणकार सांगत.

भातखंडे देशभर हिंडले. ग्रंथालयं पालथी घातली, उस्तादांच्या पायऱ्या झिजवल्या, वाद घातले, मिनतवाऱ्या केल्या आणि शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवून छापल्या. त्यांची 'क्रमिक पुस्तक मालिका' सहा भागांत निघाली. रागांची दहा थाटांत मांडणी केली. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. पुढे दिल्ली, बनारस असं करत १९२४ आणि १९२५ च्या परिषदा लखनौला झाल्या. त्यातूनच १९२६ साली तिथे संगीताचं महाविद्यालय निघालं. राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांचा त्यात मोठा हात होता. तेव्हाचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्यावरून नाव पडलं मॅरिस कॉलेज. पुढे १९६६ मध्ये त्याला भातखंडे यांचं नाव मिळालं. आज ते विद्यापीठ आहे.

मी गेलो तेव्हा सकाळ होती. कैसरबागेत वाजिद अली शाहच्या काळातला परीखाना आहे, त्याच वास्तूत ही शाळा. एका खिडकीतून पंधरा-वीस जणांचा एकत्र आवाज येत होता, साधे अलंकार चालले होते. त्यातला निम्मा आवाज मुलींचा. ज्या विद्येसाठी एकेकाळी उस्तादाच्या घरचं पाणी भरावं लागायचं, ती विद्या फी भरून, वेळापत्रक बघून, कुणाचीही मुलगी शिकत होती. हे किती मोठं काम आहे, हे खिडकीखाली उभं राहिल्यावर कळतं. चित्रपटसंगीतातले तलत महमूद आणि संगीतकार रोशन हे दोघेही इथलेच विद्यार्थी.

टीका तेव्हाही झाली. वर्गात वीस पोरं बसवून गवई होतो का? तानसेन निघणार नाहीत, फार तर कानसेन निघतील, हा टोमणा आपल्याकडे अजून ऐकू येतो. आणि तो अगदीच खोटा नव्हता. या कॉलेजचे प्राचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. मुंबईचे, भातखंडे यांचे शिष्य आणि बडोद्याला उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडेही शिकलेले. त्यांचे एक मोठे शिष्य म्हणजे के. जी. गिंडे. बेळगावजवळच्या बैलहोंगलचा हा मुलगा अकराव्या वर्षी लखनौला आला आणि रातंजनकरांच्या घरीच राहिला. म्हणजे दिवसा वर्ग आणि सकाळ-संध्याकाळ गुरूचं घर. शाळेने दार उघडलं, पण आत गेल्यावर गुरूजवळचा रियाज चुकला नाही.

एवढं मनात ठेवा. आता दुसऱ्या शाळेकडे जाऊ. पण थेट १९८४ ला नको, मधला रस्ता मुंबईवरून जातो.

मुंबई, कलकत्ता, अहमदाबाद आणि मग लखनौ

अमेरिकेत व्हॉर्टन १८८१ ला निघालं, हार्वर्डची बिझनेस स्कूल १९०८ ला. आपल्याकडे १९१३ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झालं. व्यापाराची विद्या कॉलेजात शिकवायची, ही कल्पनाच तेव्हा अनेक पेढीवाल्यांना हास्यास्पद वाटली असणार. पण १९१८ मध्ये याच कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून कोण रुजू झालं, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ज्या समाजातल्या माणसाला पेढीच्या ओट्यावर चढू दिलं नसतं, तो माणूस व्यापाऱ्यांच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवत होता. घराण्याची विद्या शाळेत आली की काय होऊ शकतं, याचं यापेक्षा ठळक उदाहरण मला तरी माहीत नाही.

स्वातंत्र्यानंतर गरज एकदम वाढली. १९५६ च्या औद्योगिक धोरणाने मोठमोठे कारखाने सरकारने काढायचं ठरवलं. पोलाद, यंत्रं, खतं. कारखाने काढता येतात हो, पण चालवायचे कुणी? आयसीएस अधिकाऱ्यांनी? इंजिनिअरांनी? सरकारने १९५७ मध्ये 'इंडस्ट्रियल मॅनेजमेंट पूल' नावाने सरकारी उद्योगांसाठी व्यवस्थापकांची वेगळी तुकडीच काढली. त्याच्या आदल्या वर्षी टाटांनी आपली 'टाटा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस' सुरू केली आणि हैदराबादला ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज निघालं. १९६१ मध्ये प्रकाश टंडन हे हिंदुस्थान लिव्हरचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. मालकाचा मुलगा नसलेला माणूस वरच्या खुर्चीत बसू शकतो, हे लोकांना दिसू लागलं.

त्याच १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद इथे भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आयआयएम, सुरू झाल्या. कलकत्त्याला अमेरिकेच्या एमआयटीची साथ, अहमदाबादला हार्वर्डची, दोन्हीकडे फोर्ड फाउंडेशनची मदत. दुसरी संस्था मुंबईत व्हावी असा विचार आधी होता. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांनी जोर लावला आणि ती अहमदाबादला गेली. मुंबईला १९६३ मध्ये पवईची नीटी मिळाली आणि १९६५ मध्ये विद्यापीठाची जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट. पुण्यात १९६७ मध्ये सहकारी संस्थांच्या व्यवस्थापकांसाठी वैकुंठ मेहता संस्था आली, ती आपल्या साखर कारखान्यांच्या आणि सहकारी बँकांच्या महाराष्ट्राला शोभेशीच होती. १९७० च्या एप्रिलमध्ये मॅनेजिंग एजन्सी कायद्याने बंद झाली. घराण्याचा करार संपला. आता पगारी, शिकलेला व्यवस्थापक ही चैन राहिली नाही.

१९७३ मध्ये तिसरी आयआयएम बंगळुरूला, मुख्यतः सरकारी उद्योगांचा विचार करून. आणि चौथी १९८४ मध्ये लखनौला. पहिले संचालक ईश्वर दयाल. समुद्रकिनाऱ्याचं बंदर नाही, कापडगिरण्यांचं शहर नाही, तर हिंदी पट्ट्यातली एक राजधानी. ही निवड महत्त्वाची होती. तोवर व्यवस्थापनाचं शिक्षण म्हणजे मोठ्या उद्योगनगरीची मिरास असं वाटायचं.

शहराच्या उत्तरेला, सीतापूर रस्त्याला लागून या संस्थेची वसाहत आहे. नाव 'प्रबंधनगर'. कैसरबागेतून निघून मी दुपारी तिथल्या फाटकापाशी पोचलो. इथे शेतीउद्योगाच्या व्यवस्थापनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम २००४ मध्ये सुरू झाला, ते उत्तर प्रदेशसारख्या राज्यात साहजिकच. एक गंमत सांगतो. या संस्थांना कित्येक दशकं पदवी देण्याचा अधिकार नव्हता, त्या पदविकाच देत. २०१७ चा कायदा झाला आणि मग एमबीएची पदवी देता येऊ लागली. पण नोकरी देणाऱ्यांनी कागदावर काय लिहिलंय ते कधी पाहिलंच नाही, शाळेचं नाव पाहिलं. म्हणजे घराणी मोडायला निघालेल्या शाळेचंच एक घराणं झालं! आमच्या गाण्यात 'मी अमक्या घराण्याचा' म्हणतात, तसं आता 'मी अमक्या कॅम्पसचा'.

दोन स्कूटरी

आता याच शहराची दुसरी बाजू. आयआयएम यायच्या बारा वर्षं आधी, १९७२ मध्ये, लखनौत 'स्कूटर्स इंडिया' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. इटलीतल्या इनोसेंटी कंपनीची लॅम्ब्रेटा स्कूटर जगप्रसिद्ध होती. तिची सगळी यंत्रसामग्री आणि नावाचा हक्क आपल्या सरकारने विकत घेतला आणि कारखाना लखनौला आणला. 'विजय सुपर' ही स्कूटर इथलीच. तुमच्यापैकी काहींच्या घरी असेल.

त्याच १९७२ साली पुण्याजवळ आकुर्डीतून 'चेतक' बाहेर पडली. तिचंही मूळ इटलीचंच, पियाजिओ कंपनीची व्हेस्पा. पियाजिओशी करार १९७१ मध्ये संपल्यावर बजाज ऑटोने स्वतःच्या नावाने गाडी काढली. कंपनीची सूत्रं १९६८ पासून राहुल बजाज यांच्याकडे होती आणि ते १९६४ चे हार्वर्डचे एमबीए.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले. लखनौच्या कारखान्याने नव्वदच्या दशकात दुचाकी सोडली, 'विक्रम' तीनचाकीवर तो तगला आणि २०२१ च्या जानेवारीत केंद्र सरकारने तो बंद करायला मंजुरी दिली.

"म्हणजे एमबीए जिंकला!" असं म्हणायचा मोह होतो. मीही पूर्वी व्याख्यानांत असंच सांगायचो आणि टाळ्या घ्यायचो. पण इतिहास इतका सोपा नाही. राहुल बजाज पदवी घेऊन आले ते कुणाच्या नोकरीत नाही, आपल्याच घराण्याच्या कंपनीत आले. त्यांच्याकडे शाळा होती आणि गादीही होती. सरकारी परवाना त्यांनाही आडवा येत होता, हवी तेवढी क्षमता वाढवू देत नव्हता. पण कारखान्याच्या आत काय करायचं हे ते स्वतः ठरवू शकत होते. सरकारी उद्योगातल्या व्यवस्थापकाला किंमत, भरती, नवीन यंत्र अशा मोठ्या गोष्टींसाठी दिल्लीकडे बघावं लागे.

आणि केवळ 'सरकारी म्हणून बुडालं' असंही म्हणता येत नाही. आपल्या साताऱ्यात १९७५ मध्ये पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांच्या भागीदारीत 'महाराष्ट्र स्कूटर्स' निघाली. 'प्रिया' स्कूटर तिथे बनायची. सरकारचा पैसा होता, पण चालवणाऱ्याच्या हाताला मोकळीक होती.

लखनौच्या नकाशावर मी बोट ठेवून पाहिलं. शहराच्या उत्तरेला देशातली नावाजलेली व्यवस्थापनाची शाळा आणि दक्षिणेला कानपूर रस्त्यावर बंद पडलेला कारखाना. शाळा व्यवस्थापक घडवू शकते. त्याला निर्णय घेऊ देणारी खुर्ची ती देऊ शकत नाही. गवई तयार झाला, पण मैफलच मिळाली नाही, तर दोष गाणं शिकवणाऱ्याचा नसतो.

माझी उधारी

आता माझ्या घरची गोष्ट. सांगली आणि मिरजेच्या मध्ये कुपवाडला एमआयडीसी आहे, तिथे बाबांचा छोटा वर्कशॉप होता. पंपाचे आणि शेतीच्या अवजारांचे सुटे भाग. चौदा कामगार आणि एक दिवाणजी. मी व्यवस्थापनाची पदवी घेऊन आलो, तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येत होतं.

पहिल्याच महिन्यात मी वह्या काढल्या. प्रत्येक भागाला खरा खर्च किती येतो हे मांडलं. यंत्राची झीज, वीज, नासका माल, सगळं धरून. तर काय दिसलं? एक भाग आम्ही कित्येक वर्षं तोट्यात विकत होतो. बाबा लोखंडाचा भाव आणि मजुरी धरायचे, झीज धरायचेच नाहीत. यंत्र त्यांच्या दृष्टीने घरचंच होतं. मी कागद पुढे ठेवला. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे मला कुणी आधी का नाही सांगितलं रे?" त्या दिवशी मला शाळेची किंमत कळली. आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

मग मी उधारीकडे वळलो. पुस्तकाप्रमाणे येणी फार दिवस अडकलेली होती. मी ठरवलं, तीस दिवसांत पैसे नाहीतर माल बंद. सगळ्या दुकानदारांना छापील पत्रं गेली. महिना होता सप्टेंबर. दिवाणजी म्हणाले, "साहेब, दोन महिने थांबा." मी विचारलं, "का?" ते म्हणाले, "ऊस अजून फडात उभा आहे." मला वाटलं, म्हातारा जुन्या ओळखी जपतोय. मी ऐकलं नाही.

आमचे दुकानदार गावोगावच्या शेतकऱ्यांना माल देत. शेतकरी पैसे देणार उसाचं बिल आल्यावर. कारखान्याचं गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होणार, मग पहिला हप्ता, मग पुढचा. त्या भागातला सगळा पैसा या चक्राने फिरतो. दिवाणजींच्या डोक्यात हे कॅलेंडर होतं. कोणता दुकानदार कोणत्या कारखान्याच्या पट्ट्यात आहे आणि तो कारखाना बिलं कधी काढतो, इथपर्यंत. माझ्या गणितात फक्त दिवस होते, ऋतू नव्हते.

त्या दिवाळीपर्यंत आमचे दोन सगळ्यात जुने दुकानदार दुसरीकडे गेले. वीस वर्षांत एक पैसा न बुडवलेले. वर्षभरात दिवाणजींनीही काम सोडलं. मला काही बोलले नाहीत. बाबांना एवढंच म्हणाले, "आता माझं काही काम राहिलं नाही." बाबाही मला कधी रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढे वर्कशॉप तगला, पण ते दुकानदार परत आले नाहीत. मी दिवाणजींच्या घरी गेलो तो तीन वर्षांनी. वही घेऊन गेलो होतो. म्हटलं, "मला शिकवा." त्यांनी चहा दिला आणि उसाच्या पट्ट्यांपासून सुरुवात केली. त्या चार रविवारांत जे शिकलो, ते कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हतं. पण खरं सांगतो, शाळेत शिकलो नसतो तर ते मला कागदावर मांडताही आलं नसतं. दिवाणजींचं कॅलेंडर मी तक्त्यात उतरवलं. आजही आमच्याकडे प्रत्येक दुकानदाराची उधारी त्याच्या भागातल्या हंगामाप्रमाणे ठरते. माझ्यानंतर येणाऱ्या कुणालाही ती वाचता येईल. कैसरबागेत त्या खिडकीखाली उभा होतो तेव्हा मला जाणवलं, भातखंडे यांनी आयुष्यभर हेच तर केलं होतं. उस्तादाच्या गळ्यातलं कागदावर आणलं. उस्तादाला वेडा ठरवून नाही, त्याच्या समोर बसून.

फाटकाबाहेरच्या बायका

लखनौची गोष्ट चिकनकारीशिवाय संपत नाही. सुरुवातीला म्हटलं आज चिकनचं नाही, पण ते राहवत नाही. १९८४ साली, म्हणजे ज्या वर्षी आयआयएम आली त्याच वर्षी, त्याच शहरात रूना बॅनर्जी यांच्या पुढाकाराने चिकन काढणाऱ्या बायकांची 'सेवा' ही संघटना सुरू झाली. कापड कापणारा वेगळा, ठसे मारून नक्षी छापणारा वेगळा, टाके घालणाऱ्या बायका घरोघरी, धुणारे वेगळे आणि या सगळ्यांना जोडणारा दलाल. मुर्री, फंदा, जाली असे बारीक टाके घालून डोळे जाणाऱ्या बाईला कुर्ता बाजारात कितीला विकला जातो, हे माहीतच नसायचं. कारण साखळीतला फक्त तिचा तुकडा तिला दिसायचा.

संघटनेत त्या बायका काय शिकल्या? कापड कुठून आणायचं, एका कुर्त्याला किती तास लागतात, त्याची मजुरी किती धरायची, प्रदर्शनात भाव कसा सांगायचा. मंडळी, हे व्यवस्थापनाचं शिक्षणच आहे. खर्च, वेळ, किंमत, बाजार. फक्त याला प्रवेशपरीक्षा नव्हती. मी माझ्या बाबांपुढे तोट्याचा कागद ठेवला होता, तसाच कागद कुणीतरी या बायकांपुढे ठेवला.

म्हणून व्यवस्थापनाच्या शाळांचा इतिहास लिहिताना केवळ मोठ्या फाटकांच्या तारखा लिहून भागत नाही. आज महाराष्ट्रात नागपूरला २०१५ पासून आयआयएम आहे, पवईच्या नीटीची २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. चांगलंच आहे. पण या शाळांतून शिकलेली मुलं आपल्या कुपवाडच्या, इचलकरंजीच्या, मालेगावच्या वर्कशॉपात आणि मागांवर किती येतात, हा हिशेब आपण मांडायला हवा. आपल्या बाजूने आपणही त्यांना बसायला जागा, ठरवायला मोकळीक आणि चुकायला थोडी उसंत देतो का, हेही पाहायला हवं.

तर त्या मुलांच्या प्रश्नाकडे परत येतो. "एमबीए करू, की बाबांच्या शेजारी बसू?" अरे बाळांनो, शिकायला मिळत असेल तर जरूर शिका. ज्याच्या घरी गादी नाही, त्याने तर शिकाच, शाळा मुळात तुमच्यासाठी निघाली. पण परत आलात की पहिलं वर्ष पत्रं छापू नका. तुमच्याकडे जे कुणी दिवाणजी असतील, मिस्त्री असतील, चिकन काढणारी बाई असेल, त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. गिंडे अकराव्या वर्षी घर सोडून लखनौला गेले, कॉलेज होतं म्हणून. पण राहिले मात्र गुरूच्या घरी.

आमचे दिवाणजी आता नाहीत. त्यांनी सांगितलेल्या उसाच्या पट्ट्यांची ती पहिली वही मी जपून ठेवली आहे. त्यात माझं अक्षर आहे आणि चुका त्यांच्या लाल पेन्सिलीने दुरुस्त केलेल्या आहेत.